कालचं चॉकलेट आजही चालेल का? ग्लुटेन टाळणाऱ्यांसाठी चॉकलेट निवडण्याची रीत

घरात कुणाला सिलिअ‍ॅकचं निदान झालं (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) की पोळी, पाव, शिरा, बिस्किटं पहिल्याच आठवड्यात बंद होतात. ते सोपं, कारण गहू डोळ्यांना दिसतो. हिंगात मैदा असतो हेही महिन्याभरात कुणीतरी सांगतं आणि हिंगाची डबी बदलते. चॉकलेटचं तसं नाही. कोकोच्या बियांत ग्लुटेन नाही, साखरेत नाही, दुधात नाही, कोको बटरमध्येही नाही. मग चॉकलेट चालायला हवं, असं वाटतं. बहुतेक वेळा चालतंही. पण सहा महिने बिनघोर खाल्लेल्या त्याच वडीच्या रॅपरवर एके दिवशी ‘गहू असू शकतो’ अशी बारीक ओळ येते, आणि तिकडे लक्ष गेलं तरी तिचा अर्थ काय लावायचा ते कळत नाही.

हा लेख त्या ओळीसाठी आहे. भारतातल्या दुकानांत मिळणारी चॉकलेटं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. परदेशी मालाचे नियम वेगळे असल्यामुळे त्यांच्यासाठी पुढे वेगळा भाग आहे. आधीच एक गोष्ट: निदान पक्कं व्हायच्या आत, रक्ततपासणी आणि गरज असल्यास एंडोस्कोपी होण्याआधी, ग्लुटेन बंद करू नका. बंद केल्यावर तपासणी केली तर ती खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते.

किती ग्लुटेन म्हणजे जास्त?

आकडा माहीत असला की घाबरणंही बेताचं होतं आणि बेफिकिरीही. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर एक किलो मालात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादाही हीच. ४० ग्रॅमच्या वडीला ती लावली तर त्या वडीत जास्तीत जास्त ०.८ मिलिग्रॅम येतं. सिलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांच्या आतड्याला दिवसाकाठी सुमारे १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेनने इजा होत नाही, ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर होते, असं अभ्यासांतून दिसलं आहे.

१० मिलिग्रॅम म्हणजे किती? मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यात ढोबळमानाने ३ ग्रॅम ग्लुटेन असतं. त्या पोळीचे तीनशे तुकडे केले तर एका तुकड्यात १० मिलिग्रॅम. चॉकलेटच्या वडीत वेफरचा चिमूटभर चुरा अडकला तर आपण त्या आकड्याच्या आसपास पोचतो. म्हणून ‘थोडंसं काय होतंय’ हे इथे चालत नाही. आणि म्हणूनच ‘ग्लुटेन फ्री’ छापलेल्या वडीतल्या एक मिलिग्रॅमहून कमी अंशाची धास्ती घेण्याचंही कारण नाही.

लेबलावर ‘लो ग्लुटेन’ असंही दिसू शकतं. त्याची मर्यादा किलोमागे २० ते १०० मिलिग्रॅम. सिलिअ‍ॅकसाठी ते नाही, बाजूला ठेवा.

गहू शिरतो कुठून

उघड वाटा तुम्हाला कळतात: वेफर, बिस्किटाचे तुकडे, कुकी क्रंब, केकचा थर. किटकॅट, फरेरो रोशे यांच्या आत वेफर आहे, तिथे प्रश्नच मिटतो. गेल्या काही वर्षांत मिठाईच्या दुकानांतसुद्धा दिसू लागलेलं पिस्ता-कुनाफाचं ‘दुबई चॉकलेट’ही यातच, त्यातल्या कुरकुरीत कताएफी शेवया गव्हाच्या असतात. पिस्त्याचा हिरवा रंग पाहून हा सुकामेव्याचा प्रकार समजून पुष्कळ जण फसतात.

दुसरी वाट माल्टची. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, म्हणजेच सातू. ‘बार्ली माल्ट’, ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’, ‘माल्टेड मिल्क’ ही त्याचीच रूपं. मिल्क चॉकलेटला खरपूस चव यावी म्हणून काही बनावटींत ते घालतात. तांदळाच्या कुरमुऱ्यांसारखे ‘राइस क्रिस्पी’ तांदळाचे असले तरी त्यांना अनेकदा माल्टची चव दिलेली असते. हॉर्लिक्स, बोर्नव्हिटा ही तर माल्टचीच पेयं. घरी चॉकलेट वडी किंवा केक करताना कोको पावडर संपली म्हणून डब्यातली ती पावडर घालू नका.

तिसरी वाट सगळ्यांत अवघड, कारण ती घटकांच्या यादीत नसते. ती कारखान्यातली आहे आणि लेबलं का बदलतात याचं उत्तरही तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

मोठ्या कारखान्यात एकाच यंत्रमार्गावर, ज्याला तिथे ‘लाइन’ म्हणतात, सकाळी साधं मिल्क चॉकलेट आणि दुपारी बिस्किटाचे तुकडे घातलेलं चॉकलेट ओतलं जाऊ शकतं. दुधाची किंवा सरबताची पाइपलाइन पाण्याने धुतात. चॉकलेटची तशी धुता येत नाही. वितळलेल्या चॉकलेटला थोडं पाणी लागलं तरी ते घट्ट होऊन गोळा होतं, आणि पाइपात ओल राहिली तर जिवाणू वाढण्याचा धोका असतो. म्हणून तिथे कोरडी सफाई करतात: खरवडणं, पुसणं, आणि मग पुढचं चॉकलेट पाइपांतून सोडून आधीचं ढकलून बाहेर काढणं. कोपऱ्यात, पंपात, साच्यात आधीच्या मालाचा चुरा उरू शकतो. शिवाय मोडलेल्या, आकार बिघडलेल्या वड्या फेकून देत नाहीत. त्या वितळवून पुन्हा वापरात आणतात. त्याला ‘रीवर्क’ म्हणतात. बिस्किटाच्या वडीचं रीवर्क साध्या चॉकलेटात गेलं तर गहूही त्याच्याबरोबर गेला.

चॉकलेटमधलं ग्लुटेन त्यामुळे सारखं पसरलेलं नसतं. एका वडीत काहीच नाही आणि त्याच खोक्यातल्या पुढच्या वडीत चुऱ्याचा कण, असं होऊ शकतं. ‘मी खाल्लं, मला काही झालं नाही’ या साक्षीवर म्हणूनच विसंबायचं नाही.

रॅपर वाचण्याचा क्रम

खालचा क्रम दर वेळी, त्याच चॉकलेटसाठीसुद्धा, पाळा. सवय झाली की मिनिटभराचं काम आहे. अक्षरं बारीक असतात आणि महत्त्वाची ओळ हटकून घडीत किंवा चिकटवलेल्या कडेखाली गेलेली असते, तेव्हा मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

१. ‘ग्लुटेन फ्री’ हे शब्द आहेत का? असतील तर कंपनीने २० मिलिग्रॅमच्या मर्यादेची जबाबदारी घेतली आहे. शब्द नसले म्हणजे चॉकलेट वाईट असं नाही, पुढे वाचा.

२. घटकांच्या यादीखालची ‘कंटेन्स’ची ओळ शोधा. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्यं, म्हणजे गहू, राय, जव, ओट्स, स्पेल्ट आणि त्यांचे पदार्थ घटकांत असतील तर ते इथे सांगणं बंधनकारक आहे. दूध, अंडं, शेंगदाणा, सुकामेवा, सोया वगैरेही याच ओळीत येतात. ‘मिल्क, सोया’ वाचून डोळा पुढे जातो आणि तिसरा शब्द ‘व्हीट’ राहून जातो. ओळ संपेपर्यंत वाचा.

३. मग घटकांची यादी. ‘कंटेन्स’ची ओळ पाहिल्यावर यादी कशाला, असं वाटेल. दोन्ही ताडून पाहायचं, कारण छपाईत चूक होते. उलटंही खरं आहे: ‘चोको बिट्स’सारखा मिश्र घटक एकूण मालाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक यादीत लिहिण्याचं बंधन नाही. त्यात गहू असेल तर तो ‘कंटेन्स’मध्येच सापडेल.

४. ‘मे कंटेन’ची ओळ. ही कारखान्यातल्या संपर्काची सूचना. आपल्याकडे ती लिहिण्याची मुभा आहे, सक्ती नाही. नव्या माणसाने हे पक्कं डोक्यात बसवायला हवं. ओळ आहे म्हणजे कंपनीला धोका दिसला आहे. ओळ नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ मात्र निघत नाही. कंपनीने तपासलं असेल किंवा नसेलही.

५. कारखाना कोणता? ‘उत्पादन स्थळासाठी बॅच क्रमांकाचं पहिलं अक्षर पाहा’ अशा अर्थाची ओळ आणि खाली ए, बी, सी करून तीन-चार पत्ते अनेक भारतीय रॅपरांवर असतात. प्रत्येक पत्त्याला आपापला चौदा अंकी परवाना क्रमांक. रॅपर एकच, पण पुण्याच्या दुकानातली वडी एका राज्यातून आणि गोव्याच्या दुकानातली दुसऱ्या राज्यातून आलेली असू शकते. दोन्हीकडच्या लाइन वेगळ्या. बॅचचं अक्षर टिपून ठेवा, कंपनीशी बोलताना तेच कामाला येतं.

६. वजन आणि आकार. लहान वडी, मोठी वडी, छोट्या गोळ्यांची पिशवी, दिवाळीचा किंवा राखीचा भेटीचा डबा: नाव एक असलं तरी माल वेगवेगळ्या लाइनवर बनू शकतो. सणाच्या डब्यात तर पाच प्रकारची चॉकलेटं असतात आणि त्यांतलं एखादं हमखास वेफरचं. लहान वडी चालते म्हणून डबा चालतो, हे गृहीत धरू नका.

यात न मोजायच्या गोष्टी: हिरवा ठिपका शाकाहारी असल्याचं सांगतो, गव्हाबद्दल काहीच सांगत नाही. ‘शुगर फ्री’, ‘ऑरगॅनिक’, ‘कीटो’, ‘डार्क’ यांचंही तेच. ‘व्हीगन’कडे तर जास्त बारकाईने पाहा, कारण दुधाऐवजी ओट्स वापरलेली व्हीगन मिल्क चॉकलेटं आता मिळतात.

उगाच घाबरवणारे शब्द

सुरुवातीला माणूस ‘माल्ट’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द पाहून वडी परत ठेवतो. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे माल्ट नव्हे. तो स्टार्चपासून बनतो आणि आपल्याकडे बहुधा मक्यापासून. माल्टिटॉल (९६५) ही साखरेऐवजी वापरायची गोडी आहे, ‘शुगर फ्री’ वड्यांत असते. तिच्यात ग्लुटेन नाही, मात्र जास्त खाल्ली तर पोट बिघडतं. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज हेही चालतात.

आकड्यांचंही तसंच. भारतीय चॉकलेटांवर इमल्सिफायर (मिश्रण एकजीव ठेवणारे पदार्थ) म्हणून ४४२, ४७६ आणि ३२२ हे आकडे नेहमी दिसतात. ४४२ म्हणजे अमोनियम फॉस्फॅटाइड, ४७६ एरंडेलापासून बनणारा पीजीपीआर, ३२२ लेसिथिन, जे सोया किंवा सूर्यफुलातून येतं. तिन्हींत गहू नाही.

अडवायचे शब्द थोडेच: गहू, मैदा, रवा, व्हीट फ्लोर, बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, राय, ओट्स, कुकी, बिस्किट, वेफर, फ्योतीन (कुरकुरीत पातळ बिस्किटाचे पापुद्रे), कताएफी. ‘सिरीयल एक्स्ट्रॅक्ट’ असं मोघम लिहिलेलं दिसलं आणि कुठलं धान्य ते सांगितलं नसेल, तर घेऊ नका.

गव्हाची अ‍ॅलर्जी आणि सिलिअ‍ॅक यांत फरक आहे, हे इथे सांगायलाच हवं. ग्लुटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च परदेशी ‘ग्लुटेन फ्री’ बिस्किटं आणि गोड पदार्थांत वापरलेला असतो. सिलिअ‍ॅकला तो मर्यादेत चालतो. गव्हाच्या अ‍ॅलर्जीच्या मुलाला तो देऊ नये. तिथे श्वास अडकण्यापर्यंत प्रसंग येऊ शकतो.

लेबल बदललं की आधी ‘का’ विचारा

समजा आजवर चालणाऱ्या वडीवर ‘मे कंटेन व्हीट’ आलं. यामागे चारांपैकी एक कारण असतं.

पाककृती बदलली. नवा घटक आला किंवा पुरवठादार बदलला. हे घटकांच्या यादीत दिसतं, म्हणून जुनं रॅपर हाताशी हवं.

जागा बदलली. माल दुसऱ्या कारखान्यात हलवला किंवा त्याच लाइनवर बिस्किटाचा नवा प्रकार सुरू झाला. घटक तेच, पत्ता किंवा बॅचचं अक्षर वेगळं. हा खरा वाढलेला धोका आहे.

कंपनीने धोक्याचा नव्याने हिशेब केला. मालात काहीच बदललं नाही, फक्त जे आधी लिहिलं नव्हतं ते आता लिहिलं. हे वाचून राग येतो, कारण इतके दिवस आपण तेच खात होतो. पण राग आला म्हणून ‘मग पुढेही खाऊ’ असं ठरवू नका. आतड्याची इजा दर वेळी लक्षण देऊन होत नाही.

नियम बदलला. याचं चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं. तिथे अ‍ॅलर्जीची माहिती सोप्या, ठरलेल्या शब्दांत आणि ठळक लिहिण्याचे नवे नियम २५ फेब्रुवारी २०२१ ला आले. उत्पादकांना तीन वर्षं दिली, आणि जुन्या लेबलाचा आधी भरलेला माल विकायला आणखी दोन, म्हणजे २५ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. मेलबर्न-सिडनीच्या मराठी घरांत त्या काळात एकाच चॉकलेटची दोन वेगळी लेबलं शेजारी दिसली असतील, तर आत काही बदललेलंच होतं असं नाही.

आपल्याकडेही जुना आणि नवा माल महिनोन् महिने एकत्र विकला जातो. चॉकलेटची मुदत साधारण नऊ महिने ते वर्षभर असते. किराणा दुकानातल्या बरणीच्या तळाशी जुन्या रॅपरची वडी आणि वर नव्या रॅपरची, असं सहज असतं. अशा वेळी जुन्या रॅपरच्या वड्या शोधून साठा करण्याचा मोह होतो. करू नका. इशारा छापायला लागायच्या आधीपासून लाइनवर काय चाललं होतं, हे ते रॅपर सांगू शकत नाही. लेबल बदललं की उत्तर मिळेपर्यंत ती वडी बंद, जुनी आणि नवी दोन्ही.

उलट बाजूही असते. कधी ‘मे कंटेन’ची ओळ गायब होते. ही आनंदाची बातमी समजण्याआधी कंपनीला विचारा; रॅपरची रचना बदलताना ओळ गळूनही जाते.

रॅपरची नोंद अशी ठेवा: मोबाइलमध्ये ‘चॉकलेट’ नावाचा एक अल्बम, त्यात प्रत्येक चालणाऱ्या वडीचे दोन फोटो. एक घटकांचा, एक बॅच आणि पत्त्यांचा. नवी वडी घेतली की शेजारी ठेवून ताडायचं. आजी-आजोबांच्या आणि मावशीच्या मोबाइलवरही तो अल्बम पाठवा, कारण लाडाने चॉकलेट आणणारी तीच माणसं. फक्त नावांची यादी पाठवू नका. ‘हे नाव चालतं’ एवढंच लक्षात राहतं आणि वर्षभराने त्याच नावाची वेफरवाली वडी घरात येते.

कंपनीला काय विचारायचं

प्रत्येक रॅपरवर ग्राहक सेवेचा फोन आणि ई-मेल असतो. फोनवर ‘हो मॅडम, शंभर टक्के सुरक्षित आहे’ असं गोड उत्तर मिळतं आणि त्याचा उपयोग शून्य. लिहून विचारा, इंग्रजीत लिहिलंत तर उत्तर लवकर येतं. ‘तुमचं चॉकलेट ग्लुटेन फ्री आहे का?’ असं विचारलं की ‘कृपया लेबल पाहा’ एवढंच येतं. त्याऐवजी नाव, वजन, बॅच क्रमांक आणि रॅपरचा फोटो देऊन हे विचारा:

– या बॅचच्या कारखान्यात, याच लाइनवर, गहू किंवा जव असलेला माल बनतो का?
– बनत असेल तर मधली सफाई कशी होते आणि सफाईनंतर ग्लुटेनची तपासणी होते का?
– गहू असलेल्या मालाचं रीवर्क या मालात वापरलं जातं का?
– तपासणी होत असेल तर कुठल्या पद्धतीने, आणि अहवालात किलोमागे किती मिलिग्रॅम आलं?
– रॅपरवरची सूचना अमुक महिन्यात बदललेली दिसते. बदल घटकांमुळे, जागेमुळे की धोरणामुळे?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. त्याचं नेमकं उत्तर देणारी कंपनी आपल्या लाइनकडे लक्ष ठेवून असते. मोघम उत्तर आलं तर एकदा आठवण करा, नंतर ती वडी सोडून द्या.

तपासणीबद्दल थोडं. ग्लुटेनसाठी ‘आर ५ एलायझा’ ही कोडेक्सने मान्य केलेली पद्धत आहे. पण चॉकलेट हा तपासायला अवघड पदार्थ आहे. कोकोतली पॉलिफेनॉलं ग्लुटेनच्या प्रथिनांना धरून ठेवतात आणि ती द्रावणात उतरत नाहीत, म्हणून प्रयोगशाळा नमुन्यात साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून ते सोडवून घेतात. घरगुती तपासणी पट्टी साध्या चॉकलेटवर थेट वापरली तर ग्लुटेन असूनही पट्टी कोरी राहू शकते. शिवाय पट्टी फक्त त्या चिमटीभर तुकड्याबद्दल सांगते, आणि चुरा दुसऱ्या कोपऱ्यात असू शकतो. माल्टचं ग्लुटेन तर तुटलेलं असतं, ते नेहमीच्या एलायझात नीट दिसत नाही. त्यासाठी ‘कॉम्पिटिटिव्ह’ प्रकारची चाचणी लागते. घरच्या पट्टीवर चॉकलेट ‘पास’ करू नका.

परदेशातून आलेली चॉकलेटं

दुबईहून, लंडनहून, न्यू जर्सीहून येणाऱ्या बॅगेत चॉकलेटं असतातच. नाव ओळखीचं म्हणून चालणार नाही. एकाच ब्रँडची पाककृती देशागणिक वेगळी असते.

अमेरिकेच्या लेबलात मोठी खोच आहे. तिथल्या कायद्याने ‘कंटेन्स’मध्ये गहू लिहावा लागतो, जव आणि राय नाही. बार्ली माल्ट असलेल्या चॉकलेटवर ‘कंटेन्स: मिल्क, सोया’ एवढंच असू शकतं, आणि ते कायद्याला धरूनच असतं. अमेरिकी चॉकलेटवर ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेलं नसेल तर पूर्ण घटक यादीत माल्ट शोधायलाच हवा.

ब्रिटन आणि युरोपात डिसेंबर २०१४ पासून अ‍ॅलर्जीचे घटक यादीतच ठळक अक्षरांत छापतात. खाली वेगळी ‘कंटेन्स’ची ओळ दिसली नाही म्हणून गहू नाही असं समजू नका, ठळक शब्द वाचा. तिथे ‘ग्लुकोज सिरप (गव्हाचा)’ दिसला तर दचकू नका. गव्हापासून बनलेला ग्लुकोज सिरप इतका शुद्ध केलेला असतो की कायद्याने त्याला अ‍ॅलर्जीच्या यादीतून वगळलं आहे. ऑस्ट्रेलियात ‘ग्लुटेन फ्री’चा अर्थ सगळ्यांत कडक आहे: तपासणीत ग्लुटेन आढळताच कामा नये, आणि ओट्स किंवा माल्ट घातलेला असता कामा नये.

इथल्या दुकानातल्या आयात मालावर आयातदाराचा स्टिकर असतो. तो कधी मूळ यादीवरच चिकटवलेला असतो. स्टिकरची यादी संक्षिप्त असली तर काळजीपूर्वक सोलून मूळ यादी वाचा, दोन्ही जुळल्या तरच घ्या. ऑनलाइन घेताना वेबसाइटवरचं छायाचित्र वर्षभर जुनं असू शकतं. निर्णय हातातल्या रॅपरवरच, आणि फोडायच्या आधी.

सुटी आणि घरगुती चॉकलेटं

महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळ्याला वजनावर मिळणारी सुटी चॉकलेटं नवख्या माणसाने सरळ सोडून द्यावीत. एकाच काउंटरवर, एकाच चिमट्याने आणि एकाच पाटीतून बदामाची आणि बिस्किटाची वडी उचलली जाते. ‘साधं डार्क द्या’ म्हटलं तरी चिमटा तोच.

घरगुती चॉकलेटं करणाऱ्या ताईंकडे मात्र आशा ठेवायला जागा आहे, कारण तिथे विचारता येतं. त्या बहुधा चॉकलेटचा तयार स्लॅब आणून वितळवतात. त्यांना स्लॅबच्या मूळ पाकिटाचा फोटो मागा. साचे आणि भांडी बिस्किट-क्रिस्पीच्या चॉकलेटांना वापरतात का, त्याच ओट्यावर केकचा मैदा चाळतात का, ते विचारा. मैद्याची धूळ हवेत बराच वेळ तरंगते. तुमची ऑर्डर सकाळी सगळ्यांत आधी, स्वच्छ भांड्यात करून वेगळ्या डब्यात बंद करायला त्या तयार असतील, तर ठीक.

नाहीतर घरीच करा. ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेला डार्क स्लॅब २०० ग्रॅम आणि स्वतः निवडून भाजलेले, साल काढलेले शेंगदाणे ८० ग्रॅम. सुरी आणि पाट कणकेला न लागणारे घ्या. स्लॅब बारीक चिरा, दोन तृतीयांश भाग कोरड्या भांड्यात, खाली गरम पाणी ठेवून वितळवा. पाणी उकळतं नको आणि वाफ आत येऊ देऊ नका, नाहीतर चॉकलेटचा गोळा होईल. ४५ ते ५० अंशांवर उतरवा, उरलेला भाग घालून ३१-३२ अंशांपर्यंत ढवळत राहा, शेंगदाणे मिसळा, बटर पेपरवर ओता. ढवळण्याची घाई केली तर दोन दिवसांत वडीवर पांढरट थर येतो. खायला हरकत नाही, फक्त तकाकी जाते. कोको बटर नसलेला ‘कंपाउंड’ स्लॅब असेल तर अंशांचा खटाटोप लागत नाही.

शाळेत वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या चॉकलेटांसाठी अशाच वड्यांचा, नाव लिहिलेला छोटा डबा वर्गशिक्षिकेकडे देऊन ठेवा. मुलाच्या हातात वाटपाचं चॉकलेट पडलं की बाई ते बदलून देतील. डब्यातल्या वड्या महिन्याने बदला.

चुकून खाल्लं तर

ग्लुटेन पोटात गेल्यावर ते निष्प्रभ करणारी गोळी नाही. पाणी भरपूर, साधा भात-वरण, विश्रांती. उलट्या-जुलाब थांबत नसतील, मूल मलूल झालं असेल तर डॉक्टर. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल आणि ओठ सुजले, श्वास लागला, तर वाट न पाहता इस्पितळ.

मात्र पोट बिघडलं की प्रत्येक वेळी ग्लुटेनच गेलं, असं नसतं. निदान नवं असताना आतड्याचे कोंब झिजलेले असतात आणि दुधातली साखर पचवणारं विकर तिथेच तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने दूधही सोसत नाही. मिल्क चॉकलेटने गुबारा धरला आणि डार्कने नाही, तर कारण बहुधा लॅक्टोज. आतडं भरून आलं की हे बहुतेकांचं कमी होतं. शंका राहिली तर पुढच्या भेटीत टीटीजी अँटिबॉडीची (ग्लुटेनला शरीर देत असलेली प्रतिक्रिया दाखवणाऱ्या रक्तातल्या घटकाची) पातळी पाहा. ती उतरत नसेल, तर रोजच्या खाण्यात बहुधा कुठूनतरी ग्लुटेन येत आहे.

लेबलावर काहीच नसताना खात्रीने त्रास झाला, तर उरलेली वडी रॅपरसकट झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, बिल जपून ठेवा. कंपनीला बॅच क्रमांकासह लिहा आणि एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवा. तक्रारीत ‘चॉकलेट खराब होतं’ असं लिहू नका. ‘लेबलावर न सांगितलेला अ‍ॅलर्जीचा घटक असल्याची शंका, बॅच अमुक, खरेदी तारीख अमुक’ असं लिहा. नुसतं ‘खराब’ म्हटलं तर माल मुदतीत होता एवढंच पाहिलं जाण्याचा संभव असतो. अ‍ॅलर्जीच्या घटकाचा आणि बॅचचा उल्लेख असला की नेमकं काय तपासायचं ते त्यांना कळतं.